मान वर करताना

१२ जाने., सोमवार

काल गावी जाऊन आले. विहारातल्या नव्या बुद्धमूर्तीची परांची उतरवली आहे. हिरवी जाळी लावलेली होती तोवर काही वाटत नव्हतं, बांधकामासारखं बांधकाम. काल वाटूर फाट्यावरून ऑटोत बसले आणि गावच्या वळणावर एकदम समोर आली. विहाराच्या वर, लिंबांच्या वर, सगळ्याच्याच वर. पांढरी, उभी.

ऑटोवाल्याला म्हणले, मागच्या रस्त्यानं घे. तो म्हणला, ताई, इकडून जवळ पडतं. घे म्हणलं ना.

घरी आईनं हात हातात घेतले. "एवढे गार का गं?" आप्पा नवा शर्ट घालून बसले होते, मला मूर्ती दाखवायला न्यायचं म्हणून. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. आप्पा उठले. आत जाऊन शर्ट बदलून आले.

तो बदललेला शर्ट डोळ्यांपुढून जाईना.

१४ जाने., बुधवार

सकाळी आष्टीच्या आरोग्य केंद्रात एक बाळंतपण, पायाळू. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला. गाडी बोलावली पण बाळ थांबायला तयार न्हाई. केलं. माझे हात जरापण हलले न्हाईत. बाई-बाळ दोघं चांगले. बाईची सासू पाया पडाय लागली, तिला उठवलं.

आणि घरी येताना पाण्याच्या टाकीला वळसा घालून बाजारामागून आले. रोजच्यासारखंच.

मलाच कळत न्हाई मी कशी बनलेली आहे. रक्त बघून काही होत न्हाई, साप निघाला तर काठी मी घेते. पण टाकी, कारखान्याची चिमणी, टॉवर... जे उंच आणि अवाढव्य आहे ते. खालून पाह्यलं की आभाळच सुटून खाली येतंय असं वाटतं. तळपायाला घाम. जमीन त्या बाजूला कलते. लहानपणापासून आहे. लग्न झाल्यावर वेरूळला गेलो तर मी गाडीतच बसून राह्यले, आमचे हे, मि., एकटेच लेणी बघून आले. तेव्हा त्यांना कळलं. त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत न्हाई. आप्पांना तर बिलकुल न्हाई.

आमच्या घरात भ्यायची पद्धत न्हाई. आजोबांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत घालून दुधना नदीत नेऊन सोडले, भर दुपारी, सगळ्या गावासमोरून. लोक म्हणले कोप होईल. झाला न्हाई. ही गोष्ट ऐकत मोठी झाले. आणि त्या माणसाची नात पाण्याच्या टाकीला भेते.

२० जाने., मंगळवार

आप्पांचा फोन. आवाज असा की रिटायर झालेले गुरुजी जणू परत शाळेवर रुजू झाले.

"सुजे, कमिटीत ठरलं. बुद्धपौर्णिमेला मूर्तीचं लोकार्पण. बुद्धवंदना तू घ्यायची. मूर्तीच्या पायाशी, वर चौथऱ्यावर उभं राहून."

"मी कशाला आप्पा? भंतेजी हायेत, तुम्ही हायेत."

"भंतेजी पुढचं करतील. सुरुवात गावची लेक करणार. गावातून पहिली नर्स झालीस तू. कोणाला भेली न्हाई, कोणापुढं वाकली न्हाई. तूच पाहिजे."

हो म्हणले. दुसरं काय म्हणणार.

फोन ठेवल्यावर कॅलेंडरात बुद्धपौर्णिमा शोधली. १ मे.

२८ जाने., बुधवार

आज जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम केंद्रात आल्ती. शेख मॅडम म्हणून नवीन आहेत, मानसशास्त्रज्ञ. गावोगावच्या आशाताईंना समजावून सांगत होत्या, कोणाला अंधाराची भीती असते, कोणाला बंद खोलीची, कोणाला उंचीची. "आणि कोणाला फार मोठ्या वस्तूंची. इमारत, जहाज, पुतळा, टाकी. हसू नका. त्यांना ते खरोखर अंगावर येतं."

माझ्या हातातला रजिस्टरचा गठ्ठा खाली पडला.

सगळे जेवायला गेल्यावर मॅडमपाशी गेले. म्हणले, एक पेशंट आहे, तिला असंच होतं. मॅडम डबा उघडत होत्या. "कोणत्या गावची?" इथलीच. "वय?" सांगितलं. "मंग घेऊन या की जालन्याला."

मी तिथंच उभी. मॅडमनी वर पाह्यलं, डबा बंद केला आणि बाजूची खुर्ची ओढली.

"बस," म्हणल्या.

आजवर कोणापुढं रडले न्हाई तेवढी रडले. आशाताई चहा घेऊन आल्या तर मॅडमनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

४ फेब्रु., बुधवार

जालना. सुट्टी टाकून गेले. मि. सोबत येतो म्हणत होते, दुकान बंद ठेवू नका म्हणून मीच एकटी गेले.

मॅडमनी खूप विचारलं. लहानपणी काही घडलं होतं का? कोणी पडलं, काही कोसळलं? आठवत न्हाई. घरात कोणाला आहे का? माहीत न्हाई. मला वाटलं कारण सापडल्याशिवाय इलाज होणार न्हाई. मॅडम म्हणल्या, "कारण मिळालं तर बरंच, न्हाई मिळालं तरी अडत न्हाई. पायातला काटा बाभळीचा का बोरीचा, हे न कळताही काढता येतो."

मंग जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कारण मला ते फार पटलं. भीती म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. माझी घंटा फार हलकी झाली आहे, धोका नसतानाही वाजते. वाजली की मी पळते. पळाले की घंटा थांबते, बरं वाटतं. मंग डोकं काय शिकतं? पळाले म्हणून वाचले. "म्हणजे रोज टाकीला वळसा घालून तू काय करून राह्यलीस? भीतीला पाणी घालून राह्यलीस."

मी म्हणले, मंग आता जाऊन टाकीखाली उभी राहू?

"एवढी जल्दी नको. लहानापासून चढायचं. घंटा वाजू द्यायची आणि तिथंच थांबायचं. ती वाजून वाजून थकते. तू आधी निघून गेलीस तर तिला थकायला कधी मिळालंच न्हाई."

गोळीचं विचारलं. म्हणल्या, गरज वाटली तर डॉक्टरांशी बोलू, आधी हे करून बघू.

"पौर्णिमेपर्यंत होईन का?"

"वादा करत न्हाई. पण आज आहे तिथं तू राहणार न्हाईस, हे नक्की."

येताना बसमध्ये खिडकीकडं बसले. परतूरच्या अलीकडं टॉवरची रांग लागते. मान वळवली न्हाई. बघत राह्यले. हे मॅडमनी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच.

९ फेब्रु., सोमवार

फोटोंपासून सुरुवात. मि.नी दुकानातल्या मोठ्या फोनवर शोधून दिले. समुद्रातलं जहाज, पुढून, पाण्याच्या पातळीवरून काढलेलं. बघताच फोन पालथा टाकला. मि. हसले. मुद्दाम न्हाई, पण हसले.

"फोटोच आहे गं. एवढासा. हातात मावतोय."

त्यांच्याशी बोलले न्हाई दिवसभर.

११ फेब्रु., बुधवार

दुकानात डबा द्यायला गेले तर काउंटरवर तोच जहाजाचा फोटो, मोठा छापून काचेखाली लावलेला. गिऱ्हाईक विचारून राह्यलेत, मिलिंदभाऊ, जहाजाची एजन्सी घेतली का. मि. म्हणले, "आमच्या घरात आता जहाज पाळलंय. सवय करून राह्यलोत."

हसू आलं. मंग डबा उघडून तिथंच जेवले, जहाजावर ताट ठेवून. पहिले दोन घास उतरेनात. नंतर भाकरी गोड लागली.

१८ फेब्रु., बुधवार

जालना. मॅडम खूश. आता खरी वस्तू. कोणती घेऊ? टाकी म्हणले. "आधी लांबून. दिसते पण अंगावर येत न्हाई असं ठिकाण शोध. सोबत कोणी बोलायला नको, मोबाइल नको. मन दुसरीकडं न्यायचं न्हाई. भीतीकडंच बघायचं, कुठं आहे, पोटात का छातीत."

हे ऐकून आप्पांच्या विहारातलं ध्यान आठवलं. श्वासाकडं बघा, दुखणं आलं तर त्याकडंही बघा, हाकलू नका. लहानपणी रविवारी बसायचे मी, मांडीला मुंग्या येईस्तोवर. मॅडमना सांगितलं. म्हणल्या, "मंग तुला अर्धं येतंच की. घरचंच आहे तुझ्या."

घरचंच आहे. बसमध्ये हेच घोळत होतं.

२३ फेब्रु., सोमवार

बाजाराचा कोपरा. इथून टाकी बाभळीवरून दिसते. छातीत धडधड, मंग हात बधिर. पळावं वाटलं. पळाले न्हाई. भीती चढली, चढली, वर जाऊन अडकली, आणि मंग, मी काहीच केलं न्हाई तरी, खाली यायला लागली. आपोआप!! आजवर मला माहीतच नव्हतं की ती उतरते. कधी उतरेपर्यंत थांबलेच न्हाई ना.

भाजीवाली म्हणली, सिस्टर, कोणाची वाट बघून राह्यल्या? म्हणले, एका पाहुणीला वाटेला लावून राह्यले.

५ मार्च, गुरुवार

चहाच्या टपरीपर्यंत पोचले. टपरी म्हणजे टाकीच्या सावलीत. सावली अंगावर पडली तेव्हा ओरडणारच होते. चहा सांडला. दुसरा घेतला. तो पिऊन उठले.

१३ मार्च, शुक्रवार

टाकीच्या खांबाला हात लावला.

गरम होता, उन्हानं तापलेला. सिमेंटच. बस.

घरी येऊन मि.ना सांगितलं, तर माणूस दुकानाचं शटर अर्धं ओढून टाकीपाशी गेला, कोणता खांब म्हणून विचारून आला. येताना जिलेबी. आता रोज सरळ रस्त्यानं येते केंद्रातून. सगळ्या आष्टीत मला एकटीलाच माहीत आहे की ही केवढी मोठी गोष्ट आहे. मि. धरून दोघांना.

२२ मार्च, रविवार

फार वाईट दिवस. पण लिहिते.

आईचं बीपी वाढलं म्हणून गावी गेले. टाकीला हात लावलेली बाई मी, वाटलं आता मूर्ती काय. मागचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलाय, ऑटो पुढूनच गेला. वळणावर डोळे मिटले, मुद्दाम उघडले, आणि ती एवढी जवळ, एवढी वर, पांढरी, ऑटोच्या टपावरून पुढं पुढं येणारी. टाकीला चेहरा नसतो. हिला आहे. ती माझ्याकडंच वाकून राह्यली असं वाटलं.

ऑटो थांबवला. उतरून उलटी पळत सुटले. चपला राह्यल्या मागं. फाट्याकडं, भर रस्त्यातून, पदर कुठं, पर्स कुठं.

विहाराच्या पायऱ्यांवर आप्पा होते. शेजारी चुलती. दोघांनी पाह्यलं.

चुलती मोठ्यानं म्हणली, माझ्या कानावर आलं, "नर्स काय झाली, आता बुद्धालाही पाठ दाखवून पळती."

आप्पा आले मागं. माझ्या चपला हातात घेऊन. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसानं लेकीच्या चपला उचलून आणल्या. बांधावर बसलो, हरभरा काढून झालेलं रान, कोणी नव्हतं.

"पोटात दुखतंय का?" म्हणले. मागच्या वेळचं.

न्हाई म्हणले. मंग सगळं सांगितलं. टाकी, चिमणी, वेरूळ, शेख मॅडम, जहाज. आप्पा ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले.

"बुद्धाला भेतीस तू?"

"बुद्धाला न्हाई आप्पा. आकाराला. तिथं डोंगराएवढं काहीही ठेवलं असतं तरी पळाले असते."

"आणि मी सगळ्या गावाला सांगत फिरतो की आपली सुजाता कशालाच भेत न्हाई."

मी सुटलेला पदर नीट खोचला.

आप्पा म्हणले, आवाज एकदम लहान, "तुझ्या आजोबाची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. मलाही अर्धीच सांगत व्हते सगळे. दुसरा अर्धा भाग माझ्या मायनं सांगितला, ती जायच्या आधी. देव सोडून घरी आला तर बाप थरथरत व्हता. दार लावून घेतलं, घोंगडं पांघरलं, दोन दिवस भाकर खाल्ली न्हाई. आता लेकरांना काही होतंय का म्हणून सारखा आमच्या कपाळाला हात लावून बघायचा. ताठ गेला ते गाव सांगतं. थरथरत आला ते कोणी सांगत न्हाई."

"तुम्ही का न्हाई सांगितलं मंग?"

"मला वाटलं, बापाचा मान कमी व्हतो."

मंग चपला माझ्या पायापुढं ठेवल्या. सरळ करून.

२५ मार्च, बुधवार

मॅडमना फोनवर सांगितलं, सगळं वाया गेलं. म्हणल्या, बिलकुल न्हाई. "टाकीची पायरी चढलीस, मंग एकदम माडीवर उडी मारायला गेलीस. पडलीस. पायरी मोडली का? टाकी बघून ये आजच."

गेले. टाकी तशीच. मी पण.

१ एप्रिल, बुधवार

आप्पांचा फोन, घाईत. "तुझी सोय केली बरं का. कमिटीला म्हणलं, सुजाता वंदना आत हॉलमध्ये घेईल. चौथऱ्यावर दुसऱ्या कोणाला तरी उभं करू. कोणाला कारण सांगितलं न्हाई. आता निवांत राह."

इतकं हलकं वाटलं की खाली बसले. मंग त्याच हलकेपणाची शंका आली. टाकीला वळसा घातल्यावर वाटायचं ना, हुबेहूब तेच.

मॅडमकडं आज जायचंच होतं. त्यांना सांगितलं तर हसल्या. "तुझे आप्पा चांगले आहेत. चांगली माणसंच आपल्याला सगळ्यात गोड वळसा घालून देतात. निर्णय तुझा. हॉलमध्ये घेतलीस तरी मी काही म्हणणार न्हाई."

परत येताना परतूर स्टँडवरून फोन लावला.

"आप्पा, माझं नाव चौथऱ्यावरच ठेवा."

"जमलं न्हाई तर?"

"तर सगळ्यांपुढं फसन. पण वर जाऊन फसन."

बसस्टँडच्या भोंग्यावर आष्टीची गाडी पुकारली. मंग आप्पा म्हणले, "बराबर हाय."

५ एप्रिल, रविवार

गावी. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वळणापाशी, चिंचेखाली बसले. समोर मूर्ती, अख्खी. आप्पा चौथऱ्यावर पेपर वाचत. मुद्दाम तिथं बसले, त्यांच्याकडं पाह्यलं की माप कळावं म्हणून. उलट झालं, आप्पा एवढेसे दिसायला लागले आणि मूर्ती आणखी वाढली. हात वर करून खूण केली, बाजूला व्हा. ते पेपर घेऊन माझ्याजवळ आले. उरलेला पेपर तिथं वाचला. घंटा वाजली, वाजली, थकली.

दोन बाया डोक्यावर सरपण घेऊन चालल्या होत्या. "ताई, इथं रस्त्यात काय बसल्या?"

आधी वाटलं काहीतरी बनवून सांगावं. मंग म्हणले, "मला मोठ्या वस्तूची भीती वाटती. ती घालवून राह्यले."

त्या थांबल्या. एक म्हणली, "बसल्यानं जाती?"

"हळूहळू जाती."

"मंग बसा," म्हणल्या आणि गेल्या. एवढंच. एवढ्याशा वाक्यासाठी मी पस्तीस वर्षं तोंड लपवलं.

१२ एप्रिल, रविवार

खुर्ची विहाराच्या फाटकापर्यंत. चुलती पाणी घेऊन आली. तांब्या दिला आणि गेली. पण तांब्या न्यायला परत आली तेव्हा जरा वेळ थांबली, माझ्या नजरेनं मूर्तीकडं बघत. "खरंच की गं, लई मोठी झाली," म्हणली.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. आष्टीतच राह्यले, ड्यूटी होती. संध्याकाळी पांढरी साडी नेसून मिरवणुकीत. चौकात तीन मजल्यांएवढं फ्लेक्स लावलेलं, कमान करून, त्याच्या खालून सगळे जाणार. मागच्या वर्षी इथंच "डोकं दुखतंय" म्हणून घरी गेल्ते. यंदा गेले. खालून. नाचत न्हाई, पण थांबलेही न्हाई. पलीकडं आल्यावर मि.च्या खांद्याला धरून उभी राह्यले. सगळे बाया-बाप्ये नाचत होते, निळा गुलाल, आणि मला वाटलं या सगळ्यांत आज सगळ्यात जास्त जयंती मी केली.

१९ एप्रिल, रविवार

चौथऱ्याच्या पायऱ्या चढले. आप्पा मागं. वर गेले, हात जोडले, उतरले. आईनं खिचडी टाकली होती, दोनदा घेतली.

२२ एप्रिल, बुधवार

मॅडमना धावत जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "डोळे कुठं होते?"

खाली, फरशीवर.

"मंग तू मूर्तीपाशी गेली न्हाईस, फरशीपाशी गेलीस."

फार राग आला. खरं होतं म्हणून जास्त. मंग त्याच म्हणल्या, "ये, बस. फरशीपाशी जाणंसुद्धा दोन महिन्यांपूर्वी तुझ्या बापजन्मात शक्य नव्हतं, ते मी विसरले न्हाई. पण तुला पुढचं माहीत पाहिजे."

२६ एप्रिल, रविवार

परत वर. ऊन मरणाचं. फरशी सोडून पाय बघितले. मूर्तीचे. एक एक बोट माझ्या डोक्याएवढं. नखं किती नीट केली आहेत कारागिरानं. तिथंच थांबले. घोट्याच्या वर नजर नेली की सगळं हलायला लागतं. घोट्यापर्यंत मात्र माझं झालं.

३० एप्रिल, गुरुवार

गावी आलो, मि. पण. मंडप पडलाय. लहान पोरी वंदनेची तयारी करून राह्यल्यात. आप्पांनी विचारलं, माइक हातात पाहिजे का स्टँडवर. स्टँडवर म्हणले. हात जोडायला मोकळे पाहिजेत आणि कापले तर कापू द्यावेत.

१ मे, शुक्रवार

सकाळी शाळेत झेंडा, मंग सगळं गाव विहाराकडं. तीर्थपुरी, वाटूर, कुठून कुठून लोक. मराठ्यांच्या घरचे पण आल्ते, पाटलांच्या सुनेनं फुलं आणली.

वर गेले. पाठीमागं लोक, पुढं मूर्ती. पाय बघितले. घोटे. तिसरणाची पहिली ओळ, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणले, आवाज चांगला लागला. दुसऱ्या ओळीला नजर चुकून वर गेली, चिवराची घडी, त्याच्या वर आणखी घडी, वर, वर, संपेचना. आवाज गेला. एकदम गेला, माइकमध्ये नुसता माझा श्वास.

घंटा वाजत होती. पळायचं न्हाई. नजर पायांवर आणली. फरशीवर न्हाई, पायांवर. तेवढ्यात मागून कोणीतरी ती ओळ उचलली. चुलती. मंग दोघी, मंग सगळं गाव. त्यांच्या आवाजात माझा सापडला. पुढचं सगळं, पंचशील शेवटपर्यंत, मी म्हणले.

उतरताना पाय लटपटत होते, मि.नी हात दिला. घेतला. लपवलं न्हाई.

नंतर आप्पांचं भाषण. देणगीदार, गवंडी, सगळ्यांचे आभार मानले. मंग चष्मा काढला आणि म्हणले, "माझ्या बापानं देव सोडले ती गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक हाय. तो ताठ गेला. पण घरी आला तेव्हा थरथरत व्हता. हे मी आज पहिल्यांदा सांगून राह्यलो. थरथरत व्हता, तरी गेला व्हता. मला आज त्याचा आजवर वाटला त्यापेक्षा जास्त अभिमान वाटतो." आणि खाली बसले. माझं नाव घेतलं न्हाई. माझ्याकडं पाह्यलंही न्हाई. पण मांडवातल्या निम्म्या बाया माझ्याकडं बघत होत्या, आणि मी मान खाली घातली न्हाई.

६ मे, बुधवार

जालना. मॅडमना विचारलं, आता मी बरी झाले का? म्हणल्या, "तुला काय वाटतं?"

सांगितलं, टाकीपुरती झाले. मूर्तीपुरती घोट्यापर्यंत.

मॅडम मोठ्यानं हसल्या. म्हणल्या, असं उत्तर कोणत्याच पेशंटनं दिलं न्हाई. आता महिन्यातून एकदा ये. कधीकधी भीती परत येईल, घाबरू नको, पायरी माहीत आहे.

१० मे, रविवार

गावी. मंडप निघाला, विहारात शुकशुकाट. सकाळीच गेले, ऊन चढायच्या आत. आप्पा खाली पायरीवर बसले.

पाय. घोटे. हलायला लागलं, थांबले, निवलं. चिवराची खालची किनार. गुडघे असावेत तिथं सिमेंटला थोडी गोलाई दिली आहे. परत हललं. घाम. परत निवलं. मंग एक एक घडी वर. आता मान मागं न्यावी लागते, ते वाईट, मान मागं गेली की तोल जातो. चौथऱ्याच्या कठड्याला धरलं. पुढं उचललेला हात दिसला. तळवा. केवढा... त्यावर एक चिमणी बसलेली होती.

तिथं थांबले. छाती फुटल असं वाटत होतं, पण थांबले, आणि ती उतरली.

खाली आले. आप्पा म्हणले, "कुठवर?"

"हातापर्यंत."

"मंग आज बस. चहा घेऊ." उठता उठता म्हणले, "चेहरा लई शांत केलाय बघ. हनुवटी कशी हाय, डोळे कसे, सांगू का तुला?"

"नका सांगू आप्पा," म्हणले. "माझी मीच बघन."